माडीवरची हवा

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या पेढीचे मुख्य मुनीम श्रीयुत किसनरावजी, बैलांच्या दमणीचे धक्के सोसत खास अकोल्याहून आलेले आपले मालक नत्थुजी शेट, गादीवर विराजमान झालेले कापूसबाजारातील प्रतिष्ठित व्यापारी, वखारीवरचे हमाल आणि तोलणारे बंधू, मंडपाच्या कडेला बसलेल्या मायबहिणी, आणि ज्यांच्यासाठी आज हे हार गुंफले गेले ते आमचे जानराव, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी महादेवराव. पेढीच्या माडीवर बसून मुंबईच्या अडत्यांना पत्रे लिहिणे हे माझे काम. लेखणी चालवायची सवय आहे, सभेत बोलायची नाही. तरी अध्यक्षमहाराजांनी आज्ञा केली की, "महादेवराव, जानरावांच्या गुणांवर चार शब्द बोला, गोड बोला, आणि लवकर आटोपा." यातली पहिली गोष्ट मी नक्की करणार आहे. उरलेल्या दोन जमतील तशा.

आरंभी एक साधा प्रश्न विचारतो. आपण सगळे इथे गणपतीच्या देवळाच्या मंडपात का बसलो आहोत? समोर रस्त्यापलीकडे आपल्या पेढीची दुमजली इमारत उभी आहे. साऱ्या अमरावतीत तिच्याएवढी ऐसपैस माडी दुसरी नाही, असे अध्यक्षमहाराज स्वतः पाहुण्यांना सांगत असतात. मग जानरावांचा निरोप त्या माडीवर का नाही? पाहुण्यांची पानसुपारी तिथे का ठेवली नाही? मी सांगतो. तिथे पाहुणे पान तोंडात घालायच्या आत खोकू लागले असते. पाहुण्यांना घटकाभरही बसवता येत नाही अशा जागी आम्ही कारकून दिवस काढतो, वर्षे काढतो. आणि हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच सभेची जागा ठरवली आहे.

अध्यक्षमहाराज, आपल्या कपाळावर आठी आली. मी गुणांवरच बोलणार आहे. पण जानरावांचा गुण सांगायचा तर आधी भिंत सांगावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. गाड्यांच्या रांगा वेशीबाहेर जाऊ लागल्या. जुनी वखार पुरेना. तेव्हा ही इमारत बांधली गेली, आणि कशी बांधली गेली? भर पावसाळ्यात. एकीकडे पाऊस कोसळतो आहे आणि दुसरीकडे गवंडी भिंत चढवताहेत. चुना मुरला नाही, भिंत वाळली नाही, तोवर वर कौले आलीसुद्धा. दसऱ्याला खाली गाठी भरल्या आणि वर आमच्या बैठका मांडल्या. मधली जमीन फळ्यांची. फळ्यांमध्ये फटी. खालच्या कापसाचा दमट वास त्या फटींतून वर यायचा, पण माडीला पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या होत्या. वास यायचा आणि निघूनही जायचा. त्यामुळे पहिला हिवाळा सुखाचा गेला, हे मी खोटे कशाला म्हणू?

पुढे उन्हाळा आला. आपला वऱ्हाडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. खिडक्यांतून गरम वारा शिरे, फटींतून खाली खेळे, आणि खालचा कापूस वाळे. आता वाळलेला कापूस वजनाला कमी भरतो, हे बाजारातल्या मंडळींना मी काय सांगावे. एक दिवस आम्ही जेवणावरून परत आलो तर गवंडी विटा लावत होते. पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या बुजवल्या. वखारीचे झरोके बुजवले. मी विचारले, "किसनरावजी, हे काय?" उत्तर मिळाले, "वाऱ्याने तुमचे कागद उडतात ना, त्याची सोय केली."

कागदांची सोय झाली खरी. गाठींवर पाणी कोण शिंपडते, का शिंपडते, तो विषय वेगळ्या सभेचा आहे. आज मला एवढेच म्हणायचे आहे की त्या दिवसापासून त्या इमारतीत कापसाची ओल जपली जाऊ लागली, आणि माणसांच्या छातीची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर बुरशीचा बुरा आला. आधी कोपऱ्यात हिरवट ठिपके. मग ते पसरले, काळे झाले, शेवाळलेल्या विहिरीसारखी भिंत दिसू लागली. पोळ्याच्या सुटीत एकाची पायताणे माडीवर राहिली, परत येऊन पाहतो तर त्यांच्यावर पांढरी दाढी उगवलेली. आम्ही हसलो. त्या वेळी हसू येत होते. नंतर सकाळी डोळे चुरचुरू लागले, दुपारी डोके जड होऊ लागले, आणि एकाचा खोकला थांबला की दुसऱ्याचा सुरू. अध्यक्षमहाराजांकडे गेलो की ते म्हणत, "पावसाळ्यात खोकला कुणाला होत नाही?" खरे आहे. फक्त अध्यक्षमहाराजांना होत नव्हता, कारण त्यांची बैठक खाली बाहेरच्या ओसरीत, निंबाच्या सावलीत. हुकूम तेवढे जिन्याने वर येत.

दिवाळीपूर्वी भिंतींना चुना फासायचे ठरले. माडी रिकामी केली, आमच्या बैठका अंगणात निंबाखाली आल्या. तिथे एक गंमत झाली. जानराव वखारीचा कारकून. मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरची काळी जमीन थोरल्या भावाने सांभाळली आणि याला लिहायला शिकवले. खाली गाठी उतरवून घ्यायच्या आणि वर येऊन नोंद करायची, हे त्याचे काम. तो मला म्हणाला, "महादेवराव, एक गोष्ट ध्यानात आली का तुमच्या? आपण झाडाखाली आलो तवापासून कोनी खोकलंच नाही."

मी म्हणालो, "हवा पालटली असेल."

तो म्हणाला, "हवा तेच हाय बापा. माडी पालटली."

चुना फासून झाला, आम्ही वर गेलो, आणि तो आठवडा संपायच्या आत पुन्हा तेच. चुन्यातून बुरा परत वर आला, आणि या खेपेला जास्त काळा.

आता गोवर्धनची गोष्ट. तो आमच्यातला सगळ्यांत धडधाकट. माळ्याचे घर, गावाच्या कडेला त्यांची भाजीची वाडी. पहाटे मोट हाकून, वाफे भिजवून मग हा कचेरीत यायचा, आणि तरी आमच्यापेक्षा ताजा दिसायचा. त्याची बैठक नेमकी पश्चिमेच्या भिंतीला टेकून. पाठीमागे बुजवलेली खिडकी, अंगरख्याला रोज काळा डाग. याच मंडपात त्याने भजन धरले की रस्त्यावरची माणसे थांबत. पहिल्यांदा तो आवाज गेला. मग जिना चढताना मध्ये बसू लागला. मग बोलताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

त्याची घरची माणसे घाबरली. त्याची बायको सत्यभामा एक दिवस भाजीची पाटी बाजारात ठेवून सरळ पेढीवर आली, ओसरीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मुनीमजी, एक इचारू का? माह्या घरी हा मानूस रोज पान्यात उभा राह्यते, वाफ्यात राबते, तवा त्याले काही होत नाही. तुमच्या माडीवर बसून लिवते, अन् घरी येते तो निळा पडून येते. काहून?"

किसनरावजींनी तिला काय सांगितले? "बाई, तुमच्या घरात छातीचं दुखणं असेल. आमच्या पेढीला नाव ठेवू नका." तिने पदर सावरला आणि गेली. तेव्हा ओसरीवर आम्ही काही जण उभे होतो, आणि आमच्यातल्या एकट्या जानरावाला राग आवरला नाही. तो म्हणाला, "मुनीमजी, तिनं इमारतीचं इचारलं, तुमी घरान्याचं सांगितलं."

तेव्हा तपासणीचा घाट घातला गेला. त्या तपासणीबद्दल मला या सभेत बोललेच पाहिजे, कारण अजून आम्हाला तिचाच दाखला दिला जातो. एका डॉक्टरसाहेबांना बोलावले. कधी? चैत्रात. ऊन रणरणते आहे, गाठी रवाना होऊन वखार अर्धी रिकामी झाली आहे, भिंती कडकडीत कोरड्या. आदल्या दिवशी चुना दिला. सकाळी धूप जाळला, लोबान जाळला, गुलाबपाणी शिंपडले. जिन्याचा वरचा दरवाजा, जो एरवी बंद असतो, तो सताड उघडा. साहेब वर आले, भोवताली पाहिले, सरबत प्याले, म्हणाले की जागा उत्तम आहे. मंडळी, मला सांगा, आजाऱ्याला तो बरा असतानाच वैद्याला दाखवायचे, आणि मग जन्मभर म्हणायचे की वैद्याने पाहिलेय, याला काही झालेले नाही, हा कुठला न्याय?

यंदाचा पावसाळा मोठा. चिखलाने रस्ते बंद, गाड्या हलेनात, वखार छतापर्यंत भरलेली. श्रावणात एका दुपारी गोवर्धन लिहिता लिहिता वाकला. आम्हाला वाटले टाक खाली पडला असेल, तो उचलत असेल. तो वर आलाच नाही. दोन्ही हात जमिनीला टेकून तो श्वास ओढत होता, आणि श्वास आत जात नव्हता. ओठ जांभळे. कोणी पाणी आणतो, कोणी पाठ चोळतो, कोणी म्हणतो खाली न्या. खाली न्यायचे तर जिना वखारीतून, आणि वखारीत तर हवा याहून कोंदट.

जानराव तेव्हा खालीच होता. आमची हाक ऐकून तो वर आला, गोवर्धनकडे एकदा पाहिले, आणि परत खाली धावला. मला वाटले वैद्याला आणायला गेला. तो आला तो गाठी सरकवायची लोखंडी पहार घेऊन. किसनरावजीही मागोमाग आले. इमारत बांधल्यापासून ते त्या दिवशी कितव्यांदा वर आले, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी विचारले, "जानराव, काय करतोस? ही भिंत शेटजींची आहे."

जानराव म्हणाला, "भिंत शेटजींची हाय, मले मालूम हाय. शेटजी इचारतील तवा मी सांगीन. तुमी बाजूले व्हा, वीट लागन."

आणि त्याने घाव घातला. जुन्या खिडकीच्याच जागी, चौकटीच्या आत भरलेल्या विटांवर. विटा आतून इतक्या ओल्या होत्या की त्या फुटल्या नाहीत, भिजलेल्या गुळासारख्या सुटून आल्या. भगदाड पडले. पलीकडून पावसाळी गार वारा आत आला. आम्ही गोवर्धनला उचलून त्या भगदाडाशी बसवले, तोंड बाहेर केले. माणूस पाणी पितो तशी त्याने हवा प्यायली. हळूहळू ओठांचा रंग परतला.

मी भिंतीकडे वळलो. खिडक्या बुजल्यापासून उजेड पहिल्यांदाच तिच्यावर नीट पडला होता. तिथे मी जे पाहिले ते या पवित्र जागी वर्णन करावे असे वाटत नाही. खालपासून तुळईपर्यंत ती भिंत तव्याच्या बुडासारखी काळी होती, आणि वाऱ्याने त्या काळ्याची भुकटी उडत होती. आम्ही इतके दिवस तेच छातीत भरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो तर खिडकी पुन्हा बुजवलेली. नव्या विटा, ओला चुना. आणि जानरावांच्या बैठकीवर हुकूम. त्यांच्या कर्तबगारीची कदर करून पेढी त्यांना बढती देत आहे, धारणीच्या लाकडाच्या वखारीवर.

मेळघाटातली धारणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काही सांगायला नको. पावसाळ्यात तिथला रस्ता म्हणजे नदी, आणि हिवताप घरोघरी. जानरावांची आई थकलेली, मुले लहान. माणसाने दुसऱ्याचा जीव वाचवला म्हणून त्याचा सत्कार करायचा, आणि सत्काराच्या हारानेच त्याला बांधून जंगलात पाठवायचे. आजच्या समारंभाचा अर्थ मला तरी हाच लागतो. दुसऱ्या कोणाला वेगळा लागत असेल तर माझ्यानंतर त्यांनी अवश्य बोलावे.

मी इथे का उभा राहिलो? माझी नोकरी मला जड झालेली नाही. उभा राहिलो ते मघाशी अध्यक्षमहाराजांनी प्रास्ताविकात दिलेल्या आनंदाच्या बातमीमुळे. अकोल्याला पेढीची नवी इमारत उठते आहे, हुबेहूब हिच्याच नमुन्याची, पण हिच्याहून मोठी. परवाच तिथला एक गवंडी मला बाजारात भेटला. म्हणाला, भिंती छातीइतक्या आल्या, पश्चिमेला खिडकी सोडायची नाही असे सांगणे आहे. म्हणजे तिथे खिडक्या बुजवायचाही त्रास नको. मंडळी, भिंत अजून छातीइतकीच आहे. त्या माडीवर बसणारी माणसे अजून नेमली गेलेली नाहीत. ती आज आपापल्या घरी आहेत, त्यांचा श्वास नीट चालला आहे.

शेटजींनी आत्ता किसनरावजींना काही विचारले. मागच्या मंडळींना ऐकू गेले नसेल, म्हणून मी सांगतो. शेटजींनी विचारले, "खिडक्या बुजवल्या? कोनी?" आणि किसनरावजी म्हणाले, "मालासाठी केलं, शेटजी." उत्तर खरे आहे. माझ्या साऱ्या भाषणात मी याहून जास्त काही सांगितलेले नाही.

शेटजी विचारताहेत, गोवर्धन कोण? तो तिकडे मागच्या खांबाला टेकून बसला आहे, शेजारी सत्यभामाबाई आहेत. गोवर्धन, उठू नकोस. बसल्या जागेवरून शेटजींना राम राम कर.

मंडळी, जरा थांबू या. त्याला वेळ लागतो.

राहू दे गोवर्धन. पोचला तुझा राम राम. शेटजींनी हात जोडलेत.

शेटजी, आपण लांब बसता, गुडघ्यांमुळे आपल्याला जिना चढवत नाही, म्हणून ही माडी आपण तयार झाल्यापासून पाहिली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आपल्याविषयी मी आज कठोर शब्द काढला नाही. पण उद्यापासून हे कारण चालणार नाही. आम्ही माडीवरच्या सगळ्या कारकुनांनी आपसांत ठरवले आहे की पश्चिमेच्या खिडक्या मोकळ्या होईपर्यंत कोणी जिना चढायचा नाही. दप्तरे घेऊन अंगणात निंबाखाली बसू. काम एक अक्षरही अडणार नाही. पाऊस आला तर ओसरीत सरकू, अध्यक्षमहाराज थोडी जागा करून देतील.

आता अध्यक्षमहाराज म्हणताहेत, "शेटजी, उद्या सकाळी निवांत पाहू." उद्या सकाळी नको. उद्या सकाळी तिथे लोबान जळालेला असेल. दिवस अजून वर आहे, रस्ता ओलांडला की इमारत आहे, आणि जिन्यावर आधाराला आम्ही एवढी माणसे आहोत. शेटजी, आपण उठलात, फार उपकार झाले. जानराव, पुढे व्हा. शेटजींचा हात धरा, आणि ती भिंत त्यांना तुम्हीच दाखवा. तुमची धारणी, अकोल्याच्या खिडक्या, जे काय ठरायचे ते त्या भिंतीपुढे उभे राहून ठरू दे.

सभेचा क्रम मी मोडतो आहे, याची मला जाणीव आहे. हार, शाल, नारळ आणि पानसुपारी आपण खाली आल्यावर होतील. ज्यांनी मंडप दिला त्या देवस्थानाच्या मंडळींचे, एवढे लांबलेले बोलणे शांतपणे ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचे, आणि मला बोलायला उभे केल्याबद्दल अध्यक्षमहाराजांचे मी मनापासून आभार मानतो. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर तो माझ्या अडाणीपणाच्या खाती घालावा आणि मोठ्या मनाने सोडून द्यावा.

अध्यक्षमहाराज, आपणही चला. आणि वर पोचल्यावर, मी हात जोडून विनंती करतो, जरा वेळ बसा.